दुकानदारी नव्हे, विद्या

प्रिय पपा,

“औषधाला आलेला माणूस आधी घाबरलेला असतो, मग गिऱ्हाईक,” असं तुम्ही माझ्या लहानपणी मला आपल्या औषधांच्या दुकानात म्हणाला होतात.

औषधशास्त्राच्या हुशार विद्यार्थ्यांच्या मानाच्या मंडळात काल मला घेतलं. माझी तब्येत छान आहे. आईचा खोकला थांबला का?

समारंभात मंडळाचा इतिहास सांगितला. औषध देणं ही दुकानदारी नव्हे, विद्या आहे, हे लोकांना पटावं म्हणून ते स्थापन झालं. सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. मग शेजारी बसलेल्या हॅरिएटनं विचारलं, “तुझे वडील काय करतात गं?”

“व्यापार.”

“अगंबाई, तेलाच्या विहिरी की काय?”

मी नुसती हसले. आपल्या दुकानाचं नाव माझ्या तोंडून निघालंच नाही, पपा. फार लाज वाटते.

रविवारी मंडळानं घरच्यांना जेवायला बोलावलंय. दुकानातला पांढरा कोट घालून याल? मला तुमची ओळख करून द्यायची आहे. आयोवाहून एवढ्या लांब, दुकान बंद ठेवून तुम्ही येणार नाही, हे ठाऊक आहे. तरी याच.

तुमची,
लोरेटा