मृणालच्या गोळ्या

शाहपुरा, भोपाळ
३ फेब्रुवारी २०२४

सौ. प्रमिलाताई यांस,
स. न. वि. वि.

विहीणबाई, फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून एकाच शहरात राहून हे टपाल. मृणालला पाचवा महिना लागला, तरी तुम्ही तिला डोक्याच्या गोळ्या देता, असं जावईबापू गौरांगरावांकडून कळलं. माझी मुलगी वेडी नाही. कॉलेजात असताना एकदा आजारी पडली, विषय संपला. नातवंड अधू जन्मलं तर तुमची डॉक्टरीण येणार आहे का सांभाळायला? आम्ही गरोदरपणात साधी डोकेदुखीची गोळी घेतली नाही. पुढच्या रविवारी ओटी भरायला मी तिला माहेरी आणते आहे. पंधरा दिवस ठेवून घेईन.

लोभाचं तुमचं तुम्ही बघा.
शकुंतला

अवधपुरी
७ फेब्रुवारी

सौ. शकुंतलाताईंस प्रमिलाचा नमस्कार.

माहेरपणाला कोण नाही म्हणतंय? खुशाल न्या. मात्र गोळ्या सोबत येतील. लग्नाच्या वेळी तुम्ही आजार लपवलात. मृणालने पहिल्याच भेटीत माझ्या मुलाला सगळं सांगितलं, की बायपोलर आहे, औषध चालू ठेवावं लागेल. म्हणून ती मला आवडते. तुमच्याबद्दल तेवढं म्हणवत नाही.

मूल हवं म्हटल्यावर डॉक्टरांनी तिची जुनी गोळी आधी बदलली, कारण ती बाळाला खरोखरच घातक होती. आत्ताच्या गोळीत धोका मुळीच नाही, असं त्याही म्हणत नाहीत. पण आपल्या मनाने औषध एकदम तोडलं तर दोघांच्याही जिवावर बेतेल, असं त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. तुम्हालाही बोलावलं होतं. आला नाहीत.

उरला असेल तेवढा लोभ राखावा.
प्रमिला

अवधपुरी
२६ फेब्रुवारी

शकुंतलाबाई,

नमस्कार लिहायला हात उठत नाही. मृणालला काल थोडी झोप लागली. बाळाचे ठोके ठीक आहेत. एवढं कळवणं भाग होतं.

बाळाची शपथ घालून तुम्ही तिच्या गोळ्या बंद करवल्यात. तिची झोप उडाली, अखंड बडबड सुरू झाली, तरी फोनवर आम्हाला पोर आनंदात आहे म्हणून सांगत राहिलात. शेवटी भर दुपारी ती अनवाणी शाहपुरा तलावात उतरली, बाळ पाण्यातून हाक मारतंय म्हणाली. परक्या माणसांनी तिला ओढून काढलं.

वॉर्डात भेटायला येऊ नका. असं मृणालनेच सांगितलंय.

प्रमिला

शाहपुरा
४ मार्च

चि. मृणाल हिस,
आईचे आशीर्वाद.

तुझ्या सासूने तुला माझ्यापासून तोडलं. त्या औषधांनीच तुझं डोकं पोखरलं, नाहीतर शहाणी मुलगी तळ्यात कशाला जाईल? पहिलं बाळंतपण माहेरीच होत असतं. आता चार लोकांना मी काय सांगू? ज्या घरात त्या गोळ्या आहेत तिथे मी पाऊल ठेवणार नाही.

तुझी आई

अवधपुरी
१६ जुलै

ती. आईस,
मृणालचा नमस्कार.

मला मुलगी झाली. माझं औषध चालू होतं म्हणून डॉक्टरांनी तिच्यावर जरा जास्त दिवस लक्ष ठेवलं. आता नीट दूध पिते. ती अधू नाही. असती तरी माझीच असती.

सासूबाईंना बोल लावू नकोस. जुनी गोळी बदलायला मीच गेले होते आणि नवी घ्यायची हेही मीच ठरवलं. भीती मला नव्हती असं नाही. प्रत्येक गोळी गिळताना पोटावर हात ठेवत होते. तेव्हा तू शेजारी बसायला हवी होतीस. तू शपथ घातलीस, आणि आईचा शब्द म्हणून मी मानली. पुन्हा मानणार नाही.

रविवारी बारसं आहे. गोळ्या घरातून हलणार नाहीत, त्या चालणार असतील तर ये. पण बाळाला घेऊन मी शाहपुऱ्याला राहायला येणार नाही, हे आत्ताच सांगते. तिला आजी हवीच आहे. त्याआधी आई हवी.

मोठ्यांचा लोभ मागायची रीत आहे. या वेळी मी मागत नाही.

मृणाल