मऊ कवचाचे खेकडे

प्रिय हट्टीबाई,

सव्वीस वर्षांनी माझं अक्षर पाहून तुझं डोकं फिरेल, पण पत्र फाडायचंच तर वाचून फाड. आज दुपारी चारला माझ्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं प्रकाशकाचा माणूस न्यायला येणार होता, आणि तिसऱ्या प्रकरणावर मी सकाळपासून पेन धरून बसलो होतो. ते प्रकरण तुला पाठ असेल. खेकड्याच्या पायाला बारा वेळा स्पर्श केला, की पुढे त्याचा मज्जातंतू गप्प बसतो. या एका वाक्यावर मी प्राणिशास्त्राचा साधा मास्तर होतो तो विभागप्रमुख झालो, परदेशी व्याख्यानं झोडली, आणि घरी बायको मला खेकडोबा म्हणू लागली.

तुझे खेकडे मात्र गप्प बसत नव्हते. चाळीस स्पर्श झाले तरी मज्जातंतूची हालचाल दाखवणारी पडद्यावरची रेघ उसळायचीच. चार महिने तू तेच आकडे माझ्या टेबलावर आणून ठेवलेस, आणि मी भर वर्गात सुनावलं की आधी हात चालवायला शीक, मग डोकं चालव. सगळे हसले. तू रडली नाहीस, याचाच मला जास्त राग आला. मी फार फुगलो होतो तेव्हा.

प्रयोगशाळेतले टाकीवाले मामा आम्हा सगळ्यांना दहा वाजता बादलीत खेकडे आणून द्यायचे. एकदा एका नांगीनं त्यांचा अंगठा फोडला होता. तेव्हापासून ते नुकतंच कवच टाकलेले, मऊ खेकडेच उचलायचे, कारण ते चावत नाहीत. त्या अवस्थेतला खेकडा मरगळलेला असतो, त्याचे तंतूही लवकर थकतात. मी स्वतः टाकीत कधी हात घातलाच नव्हता, माझे बारा स्पर्श त्याच मऊ खेकड्यांवरचे. तुला कुठला दम निघतोय! तू मामांच्या आधी येऊन हाताला लागतील ते कडक खेकडे पकडायचीस. तुझ्या बोटांवरचे ओरखडे पाहून मी तुला धसमुसळी ठरवलं होतं.

तू आता शाळेत शिकवतेस असं ऐकतो. मुलं भाग्यवान आहेत. पण ती जागा तुझी नव्हती, हे मला रोज टोचतं.

आता खरं लिहितो. मऊ खेकड्यांची गोष्ट मामांनी मला सहज बोलता बोलता सांगितली, ती तुझ्या प्रबंधाच्या बैठकीच्या दोन दिवस आधी. मी दार लावून स्वतः दहा कडक खेकडे तपासले. एकही चाळिसाच्या आत गप्प बसला नाही. तरीही तिसऱ्या दिवशी बैठकीत जाऊन मी तुझा प्रबंध नाकारला, आणि घरी येऊन पोटभर जेवलो. आज ते प्रकरण मी आडवी रेघ मारून खोडलं, तुझे आकडे तुझ्या नावानं घातले आणि मऊ खेकड्यांचा घोळही खाली लिहिला. माणूस गठ्ठा घेऊन आत्ताच गेला. पुस्तक आलं की लोक म्हणतील, म्हाताऱ्याच्या हातून चूक झाली. तुला कुणी तसं सांगितलं तर ऐकून घेऊ नकोस. माझी चूक झाली नव्हती, मला माहीत होतं.

तुझाच,
ज्याला तू सर म्हणायचीस तो