सामायिक बावखल

१२ फेब्रुवारी १९८६
राखेचा बुधवार. कपाळावर राख, चुलीवर डाळ. सकाळपासून शिजतेय, दाणा मोडत नाही. मिस्साहून परतताना शेजारीण डोकावली, तिला चहा केला तर तो फाटला. तिने कप तसाच खाली ठेवला, मी उचलला. विहिरीचं पाणी मचूळ झालंय, हे आता मान्य करायला हवं. केळीच्या पानांच्या कडा करपल्यात, त्याही त्यामुळेच.

कारण कुंपणापलीकडे धडधडतंय. धाकटा दीर इनास (यापुढे नुसता इ., त्याच्यावर एवढी शाई कशाला) त्याच्या विहिरीवर पंप बसवून टँकर भरून देतो. माणिकपूरच्या, आचोळ्याच्या नव्या बिल्डिंगांना. त्या लोकांवर राग नाही, तहान त्यांनाही लागते.

१६ फेब्रु.
मिस्सानंतर चर्चच्या आवारात इ.ला गाठलं. दोन विहिरींमध्ये नारळांची एक रांग, खालचं पाणी एकच, तू एवढं उपसलंस की खाडीचं खारं आत शिरतं. चौथीच्या वर्गाला सांगते तसं समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वयनी, माझ्या विहिरीचं पाणी मी विकतो. तुझ्या विहिरीत कधी दोर टाकला का मी?"

 घरी आल्यावर चार उत्तरं सुचली.

५ मार्च
शाळा सुटल्यावर वसई कोर्टाजवळ वकिलांकडे. ह्यांना मस्कतला अजून कळवलेलं नाही, उगाच तिथे बसून जीव खालीवर करतील. वकिलांनी विचारलं, भावांची वाटणी झालीय? झालीय, सासरे गेल्यावर. विहीर त्याच्या हिश्श्यात? हो. मग म्हणाले, जमिनीखालचं पाणी ठरलेल्या प्रवाहातून वाहत नसेल तर ज्याची जमीन, त्याला ते घेता येतं. तुमच्या विहिरीचं काय होतं ते कायदा बघत नाही.

चिडून विचारलं, आणि पाऊस? तो कोणाचा?

"तुमच्या कौलांवर, तुमच्या वाडीत पडला तो तुमचा. वाहून जायच्या आत अडवा. कोण विचारतो?"

येताना बसमध्ये डोक्यात तेच.

३ एप्रिल
फादर घरांना आशीर्वाद द्यायला आले होते. इ.ने पंपावरही पवित्र पाणी शिंपडून घेतलं. फादरांचा हात जरासुद्धा थबकला नाही. आधी हसू आलं, मग राग.

१८ मे
बावखल आटलं. वाटणीत तेवढं सामायिक राहिलंय. दोन्ही घरांचं, दोन्ही वाड्यांचं पावसाचं पाणी पाटांनी त्या खड्ड्यात उतरतं आणि झिरपत झिरपत दोन्ही विहिरींना पुरवतं. म्हणून त्याचा तळ बांधायचा नाही, त्यात पंप टाकायचा नाही, आणि मे महिन्यात दोन्ही घरांनी मिळून गाळ काढून वाटून घ्यायचा. सासरे होते तोवर त्या दिवशी जेवणही एकत्र.

यंदा इ. आला नाही. टँकरची वेळ होती म्हणे. त्याची बायको मोनिका एकटीच आली, डोक्यावर घमेलं. दोघींनी निघाला तेवढा काढला. हात धुताना ठरवलं. माझा पाऊस मी देणार नाही.

२९ मे
गवंड्याने पागोळ्यांखाली विटांची टाकी बांधली, कौलांना पत्र्याची पन्हळ लावली. माझा पाट बावखलाकडे जातो तिथे मातीचा बांध. तो मात्र स्वतः घातला, चांगला चोपून. मोनिका कपडे वाळत घालताना बघत होती. काही विचारलं नाही. वकील म्हणालेच होते, कोण विचारतो.

९ जुलै
टाकी केव्हाच भरली, आता नुसती वाहतेय. वाडीत पाणी तुंबलंय, केळीचे बुंधे कुजायला लागलेत. तिकडे बावखल अर्धंसुद्धा नाही. बांध फोडावा तर हात होत नाही. हट्ट म्हणायचा तर हट्ट.

८ सप्टें.
मतमाउलीचा सण. दरवर्षी या दिवशी बावखल काठाला लागलेलं असतं. यंदा उतरायच्या पायऱ्या उघड्या. पोरं विचारतात, मी विषय बदलते.

११ जाने. १९८७
टँकरच्या ड्रायव्हरने इ.च्या विहिरीचं पाणी तोंडात घेतलं, थुंकला आणि रिकामाच गेला. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, दुपारपर्यंत. मग माझ्या विहिरीचं चाखून पाहिलं. त्याच्याइतकंच खारट.

२२ फेब्रु.
मोनिका कळशी घेऊन टाकीपाशी उभी. "पोरीचं दूध फाटतं. एक कळशी घेऊ? पाणी तुझं आहे म्हणून विचारते."

आमच्यात पाणी असं कधी विचारून घेतलेलं नाही. ही भाषा तिला मीच शिकवली, त्या बांधाने. फार वाईट वाटलं. म्हटलं, रोज ने, विचारू नको. तरी दुसऱ्या खेपेला ती दारात थांबलीच.

१० मे
इ. आपणहून गाळ काढायला आला. शर्ट काढून उतरला, दुपारपर्यंत वर आला नाही. जेवायला थांब म्हटलं तर थांबला. जेवल्यावर बांधापाशी उभा राहून म्हणाला, "हा फोड वयनी. बावखल भरलं तर दोघांच्या विहिरी गोड होतील."

मी विचारलं, आणि टँकर?

नखांतला गाळ काढत राहिला. मग म्हणाला, "बिल्डिंगवाले विचारतात अजून."

खोटं बोलला असता तर सोपं झालं असतं.

३१ मे
बांध ठेवला तर दोन्ही विहिरी खारट, वाडी संपली, टाकीतलं पिण्यापुरतं. फोडला तर माझ्या पावसाने त्याची विहीर भरणार, आणि ते पाणी पुन्हा टँकरने आचोळ्याला. ढगातून कौलावर, कौलावरून बावखलात, तिथून जमिनीखाली. यात नेमकं कुठपर्यंत माझं? वकिलांना विचारलं तर उत्तर देतील. मला ते पटणार नाही.

ह्यांना शेवटी सगळं लिहिलं. उत्तर येईपर्यंत पाऊस थांबायचा नाही.

६ जून
सकाळी कुदळ घेऊन गेले. माती दगडासारखी झालीय, चोपली कोणी होती! अर्धा बांध फोडला. मान वर केली तर पलीकडे इ. पंपापाशी उकिडवा, हातात पाना. बोल्ट सोडवतोय की आवळतोय, इतक्या लांबून कळेना. हाक मारावीशी वाटली, मारली नाही. त्यानेही माझ्याकडे पाहिलं आणि हात थांबवला.

अर्धा बांध तसाच आहे. कुदळ तिथेच ठेवून आलेय. आभाळ भरून आलंय.