खुर्ची बळकावणारी जुनी सेवा

सोमवार, ४ मार्च

दवाखान्यात पाऊल टाकलं आणि चारी बाजूंनी एकच ओरड — 'नेट नाही!' आमचा जनावरांचा दवाखाना, त्यामुळे ओरडण्यात भुंकणंही आलं.

आमचा सर्व्हर लिनक्सवर चालतो. त्यातली एक सेवा, म्हणजे सतत चालू राहणारा प्रोग्राम, सगळ्या कॉम्प्युटरना पत्ते वाटते. पत्ता नाही मिळाला की कॉम्प्युटर म्हणजे नुसता डबा. गेल्याच आठवड्यात मी जुनी सेवा थांबवून नवी बसवली — आणि तीच सुरू होईना! स्टेटस बघितलं. लाल अक्षरात 'फेल्ड'. पुन्हा सुरू केली, पुन्हा फेल्ड. हात जोडून सुरू केली. तरी फेल्ड.

एक्स-रे डॉक्टरीणबाईंच्या खोलीपर्यंत पोचेनात. काउंटरवरच्या ताईंनी चिठ्ठ्यांवर कारभार रेटला आणि एका बोक्याला 'गाभण आहे' म्हणून घरी पाठवलं.

शेवटी लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, वाचला. (आधी वाचायला काय धाड भरली होती गं?) म्हणे, जागा आधीच कुणीतरी घेतलीय. बघते तर काय — माझ्या सेवेच्या खुर्चीत जुनी सेवा ठाण मांडून बसलेली! वर रद्द झालेले पत्ते खुशाल वाटतेय! तिला उठवलं, माझी सुरू झाली. सुटले!

मंगळवार, ५ मार्च

परत तेच!!

बुधवार, ६ मार्च

जुनी आपोआप सुरू होऊ नये अशी सोय कालच केली होती. तरी सकाळी बाईसाहेब हजर! म्हणजे हे यंत्राचं काम नव्हे. कुणीतरी मुद्दाम सुरू करतंय.

डॉक्टरीणबाई हातमोजे चढवता चढवता म्हणाल्या, 'हे बघ, या आठवड्यात जमलं तर ठीक. नाहीतर मी मास्तरांना परत बोलावते.' मास्तर म्हणजे माझ्या आधीचे सिस्टमवाले, नुकतेच निवृत्त झालेले. ते आले की मी घरी!

दुपारी पंख बांधलेला पोपट पिंजऱ्यातून ओरडला, 'रीस्टार्ट कर! रीस्टार्ट कर!' माझ्याकडूनच शिकलाय, मेला.

गुरुवार, ७ मार्च

सापडलं! सर्व्हरवर कोण येऊन गेलं ते तपासलं. रोज दवाखाना उघडायच्या आधी मास्तरांच्या घरून, मास्तरांच्याच खात्यातून कुणीतरी आत येतं, जुनी सेवा सुरू करतं आणि जातं. कुणीतरी कसलं — म्हातारा स्वतःच! माझ्या पोटावर पाय!

तडक त्यांच्या घरी गेले. दारात मास्तर, हातात स्क्रूड्रायव्हर. मागे टेबलावर मिक्सरचे अवयव पसरलेले.

'मी? अगं, दवाखान्याचं नाव काढू नकोस. सकाळी मी ढाराढूर झोपलेला असतो. सुखात आहे मी!'

सुखात होतेच. स्वयंपाकघरातले डबे अक्षरांच्या क्रमाने लावलेले, प्रत्येकावर चिठ्ठी. 'तुझ्या काकूला आता कुठे शिस्त लागतेय,' म्हणाले. काकू साखरेचा डबा शोधत राहिल्या.

इतकं सराईत खोटं! परत आले आणि त्यांचं खातं बंद करून टाकलं. उद्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगणार.

शुक्रवार, ८ मार्च

माझी सेवा पहिल्या झटक्यात सुरू! तेवढ्यात काकूंचा फोन, अगदी दबक्या आवाजात. 'खातं बंद केलंस होय गं? यांच्या कॉम्प्युटरवरचं ते जुनी सेवा सुरू करायचं बटण रोज मीच दाबत होते, आज चालेना. जुनं सुरू केलं की तुझं बंद पडतं, असं हेच एकदा हसत म्हणाले होते. म्हटलं, तुम्ही वैतागाल आणि यांना परत बोलवाल... अगं, दिवसभर घरात असतात!'

डॉक्टरीणबाईंकडे मास्तरांसाठी शब्द टाकून आले. सोमवारपासून अर्धा दिवस येतील — माझ्या हाताखाली!