धमतरीहून परत आलेलं पत्र

ब्राह्मणपारा, रायपूर
४ फेब्रुवारी २००१

ती. दादास,
शर्मिष्ठाचा सा. न. वि. वि.

इकडे सारे ठीक, तुमच्याकडेही तसंच असो. आता आम्ही राजधानीत राहतो, तेव्हा पत्र जरा अदबीने लिहीत जा! घरभाडी दुप्पट झाली आणि सदर बाजारातून लाल दिव्याची गाडी निघाली की आमची रिक्षा नालीला टेकते, एवढाच काय तो मान.

नव्या राज्याच्या एका कचेरीत जुनी कागदपत्रं जमा करून राहिले आहेत. बाबांनी तीस वर्षं खेडोपाडी लस टोचून देवी काढल्या, म्हणून त्यांचीही मागितली आहेत. त्यांचे धमतरीचे सोबती हरिदासकाका तुला आठवत असतील. त्यांच्या मुलाने बाबांनी काकांना लिहिलेली पत्रं आणून दिली. तू बाबांना लिहिलेलीही पेटीभर आहेत. सगळी देऊन टाकू का?

आईला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. एकदा येऊन जा. फोनवर तिचं नाव काढलं की तू गाड्यांच्या वेळापत्रकावर घसरतोस, म्हणून हे लिहिणं.

माझ्यावरच्या मायेतली थोडी आईकडेही वळू दे.
तुझी,
शर्मिष्ठा


नागपूर
१२ फेब्रुवारी २००१

चि. शर्मिष्ठास,
अनेक आशीर्वाद.

पत्रं खुशाल दे. बाबांचं नाव कुठेतरी राहील. येण्याचं मात्र मला जमणार नाही.

तू तेव्हा जन्मली नव्हतीस. राजिमजवळच्या त्या गावात कुणी हात पुढे करेना. अशा वेळी आधी घरच्या पोराला चौकात उभं करायचं, ही बाबांची रीतच होती. त्या दिवशी आपला शंकर उभा राहिला. चार वर्षांचा होता, पण रडला नाही. ते पाहून चाळीस लोकांनी दंड पुढे केले. पुढे महिन्याभरात गावात देवी आल्या. टोचून घेतलेले बाकीचे वाचले, शंकर गेला.

बाया बसायला आल्या तेव्हा आईने अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं की मातेचा कोप होईल या भीतीने तिनेच त्या संध्याकाळी शंकरचा दंड लिंबाच्या पाण्याने पुसून टाकला होता. मी दहा वर्षांचा होतो, उंबऱ्यात उभा राहून ऐकत होतो. बाबा तिला एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांचं मन मोठं होतं. माझं तेवढं नाही. बाबांच्या तेराव्यालाही मी तिच्याशी बोललो नाही, ते तू पाहिलंच आहेस.

तिच्या डोळ्यांच्या ऑपरेशनची सोय मी करतो. तुझी आठवण नेहमी येते.
तुझा,
दादा


ब्राह्मणपारा, रायपूर
२० फेब्रुवारी २००१

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच. हरिदासकाकांच्या गठ्ठ्यात बाबांचं १९५८ सालचं एक पत्र सापडलं. त्यातला मजकूर जसाच्या तसा उतरवते:

“हरिदास, शंकर गेला. कुपी आदल्या दिवशी उघडलेली होती, बर्फ वितळून गेला होता. ताजी लस गावाला पुरावी म्हणून घरच्या पोराला मी ती वापरली. फोड उठला नाही, लस लागलीच नाही. कमला दोनदा म्हणाली की दंड कोराच आहे. मी म्हटलं, घरचाच आहे, नवी लस आली की पुन्हा काढू. आता ती साऱ्या गावाला सांगते आहे की लस तिनेच पुसली. मी गप्प आहे. देवी काढणाऱ्याचाच पोरगा देवी काढूनही मेला, हे कळलं तर उद्या मला हात कोण देईल?”

मी आईला विचारलं. ती चाचपत तांदूळ निवडत होती. इतकंच म्हणाली की त्या वर्षी बाबांना एकाही गावाने परत पाठवलं नाही. दादा, मी खूप रडले. बाबांचा रागही आला आणि राग आल्याचं वाईटही वाटलं. आता हे पत्र कचेरीत द्यायचं की नाही, ते तू आईलाच विचार. मी सांगणार नाही.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
शर्मिष्ठा


ब्राह्मणपारा, रायपूर
५ मार्च २००१

चि. यशवंतास,
अनेक आशीर्वाद. (आई सांगते तसंच लिहिते आहे. शर्मिष्ठा.)

तुयं माफीचं पत्र पोचलं. शर्मिष्ठानं वाचून दाखवलं. माफी कायची मागतं रे? लोकायनं खरं मानावं म्हणूनच मी तसं बोलली होती. तूही मानलं.

तुले मागून सांगता आलं असतं. लई खेपा ओठावर आलं. पण तुये बाबा माह्यापाशी रडत अन् तुह्यापुढं ताठ राहत. तू त्यायले सारं लिहीत होता, परीक्षेचं, नोकरीचं, पोट्टी झाली त्याचं. म्हटलं, पोट्ट्याले एक तरी मोठं माणूस राहू दे घरात. मले सोपं गेलं असं समजू नको. तू तेराव्याले आला अन् माह्यासमोरून निघून गेला, तवा वाटलं हात धरून सांगून टाकावं.

ते पत्र देऊन टाक म्हटलं शर्मिष्ठाले. देवी गेली, आता कोणी हात मागं घेत नाही. तुह्या बाबाले नावं ठेवजो नको. त्यायनं तीस वर्षं पायपीट केली, शंकर गेल्यावरची त शंकरसाठीच केली.

एकच गोष्ट मनाले खाते. शंकरले पाहिलेलं आता तुह्या-माह्याशिवाय कोणी उरलं नाही, अन् आपण त्रेचाळीस वर्षं बोललो नाही. त्याचा चेहरा मले आठवते. पण तो हसे कसा, ते आठवूनच नाही राहिलं. तुम्ही दोघं संगं खेळत होते. तुले आठवत असन त येऊन सांगजो.

तुयी,
आई