सल्फाइटविरुद्ध अकरा पानं

३ मे
चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद. खोकला नाही ना? असला तरी औषध घेऊ नकोस!

माझ्या छोटीला मंगळवारी फिट आली. पाच महिने एकही नव्हती. आणखी एक महिना निभावला असता, तर छापखान्यात तिला पुन्हा कागद कापायच्या मशीनवर घेणार होते. पोर दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

मी मात्र स्वस्थ बसले नाही. आठवडाभर ती खोकल्याचं औषध घेत होती. भिंग लावून बाटली वाचली, तर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत ‘सोडियम मेटाबायसल्फाइट’! औषध टिकावं म्हणून घालतात म्हणे. औषध टिकेल, माणसाचं काय? कंपनीला अकरा पानी पत्र लिहिलंय. येत्या शनिवारी घरातली एकूण एक औषधं केराच्या टोपलीत. तू औषधांचा दुकानदार. तुझा जबाब हवा.

रागातही तुझीच,
ताई

५ मे
ती. ताईस,
सा. न. गिऱ्हाईक ताटकळत ठेवून लिहितोय. खोकल्याची बाटली खुशाल फेक. फिटच्या गोळ्यांना हात लावशील तर बघ! त्या एकाएकी बंद केल्या, तर मोठी फिट येऊ शकते. सल्फाइटनं काहींना दम लागतो, हे ठाऊक आहे. फिट येते का, अशी शंका काहींना आहे; खात्री मला नाही. ताप होता? झोपेचं काय? डॉक्टरीणबाईंना आधी विचार. भाषण नंतर कर, मी टाळ्या वाजवीन.

तुझ्या शिव्यांची वाट पाहणारा,
भाऊ

१० मे
ती. मामास,
शि. सा. न. तुझं पत्र सोमवारी आलं, म्हणजे शनिवार उलटून गेल्यावर. घाबरू नकोस. आईनं टोपली उचलताच मी गोळ्यांची डबी उशीच्या अभ्र्यात सरकवली होती.

तू झोपेचं विचारलंस. मामा, त्या खोकल्याच्या औषधानं अशी गुंगी यायची, की दोन दिवस गोळी न घेताच झोपून गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कारण बहुधा तेच. सल्फाइटचं ठाम सांगता येत नाही, तरी ते नसलेलं औषध लिहून देते. पण आईला कोण सांगणार? शेजारणींसमोर ती दोनदा बोललीय आणि टाळ्याही घेतल्यात. तूच सांग ना!

तुझी भित्री भाची,
छोटी

१६ मे
चि. भाऊस,
आशीर्वाद, पण अर्धेच; उरलेले मामा-भाचीचं कारस्थान संपल्यावर.

अकरा पानं पोस्टात टाकायला निघाले, तर छोटी दारात आडवी. तुझी वाट न बघता तिनं सगळं सांगून टाकलं. जन्मभर लोकांकडे पुरावे मागत आले आणि घरातल्या पोरीला एक प्रश्न विचारला नाही! दहा पानं फाडली. अकरावं पाठवलं: काय घातलंय ते मोठ्या अक्षरांत छापा. त्यावरून मी तसूभर हटणार नाही.

छापखान्यातही तिनं खरं तेच सांगितलं. सहा महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. तोवर पुस्तकं शिवायच्या टेबलावर घेतलंय. तिथे ती दिवसभर गुणगुणते, असं फोरमन सांगत होता.

आता गोळी चुकायची सोय नाही. आठ वाजले की मी स्वयंपाकघरातून सभेच्या आवाजात हाक देते. समोरचे आजोबा त्याच हाकेवर आपली रक्तदाबाची गोळी घेतात, आणि कालपासून ‘घेतली!’ असं दोन्ही घरांतून ओरडून कळवलं जातं.

आमच्यावर जीव असू दे.
ताई