नेलंत तर तोलाचं ठेवा

रविवार, ५ नोव्हेंबर २००६

आलो बाबा एकदाचे! नांदगावला हायवे सोडल्यापासून माझ्या बायकोला, दिव्याला, वळणांनी मळमळत होतं आणि त्याचं खापर अर्थातच माझ्यावर. म्हणे पुण्यातली चांगली नोकरी सोडून कुठे समुद्रात बुडवायला आणलंस. पण घर बघितलं आणि गप्प झाली. चिऱ्याचं, कौलारू, पुढे लांबलचक पडवी, मागे हापूसची कलमं, आणि त्यांच्या शेंड्यांवरून देवगडचं बंदर दिसतं. घरमालक आबा सत्तरीचे आहेत आणि बागेच्या दुसऱ्या टोकाला एकटेच राहतात. आल्या आल्या त्यांनी चहा दिला. तन्वी म्हणजे आमचं सहा वर्षांचं वादळ. तिने पहिल्या तासात विहिरीवरचं कासव, दोन मांजरी आणि आबा असे चौघे मित्र केले. दिवाळीची सुट्टी संपली की इथल्याच शाळेत पहिलीत जाईल.

मी खूश आहे. फार खूश आहे.

बुधवार, ८ नोव्हेंबर

कामाला लागलो. ट्रॉलरवर जीपीएस आणि मासे दाखवणारी यंत्रं बसवायची, बिघडली की दुरुस्त करायची. लवू तांडेलाच्या बोटीवर आज पहिलं यंत्र लावलं. त्याला डोंगराची टोकं बघून जाळं कुठे टाकायचं ते कळतं, पण यंत्रातला आकडा बघून तोही हरखला.

माझा स्वतःचा हातातला जीपीएस मात्र खेळासाठी आहे. जिओकॅशिंग! कुणीतरी डबा लपवायचा, त्या जागेचे आकडे इंटरनेटवर टाकायचे, बाकीच्यांनी यंत्र घेऊन शोधत यायचं. सापडला की आतल्या वहीत सही करायची. आत चिल्लर वस्तू असतात, त्यातली आवडली तर न्यायची, पण तिच्या तोलाची दुसरी ठेवायची. पुण्यात मी सतरा डबे शोधलेत, एकही नियम न मोडता. लोक न्यायला मोठे आणि ठेवायला भिकारडे असतात, त्यांची मला चीड येते. साइटवर बघितलं, आख्ख्या सिंधुदुर्गात एक डबा नाही. पहिला मी लपवणार!

शनिवार, ११ नोव्हेंबर

जागा सापडली. बागेच्या वरच्या अंगाला, जिथे कलमं संपून उघडा कातळ सुरू होतो, तिथे रचीव दगडांचा गडगा आहे. गडग्यामागे कातळात एक कपार. मनगटापर्यंत हात जाईल एवढीच, पण कोरडी. समोर समुद्र. यापेक्षा चांगली जागा शोधून मिळणार नाही.

जागामालकाची परवानगी हा पहिला नियम, म्हणून आबांकडे गेलो. ते म्हणाले, कागदावर जमीन माझी आहे, माझी हरकत नाही, पण खऱ्या धन्याला विचारलंत का? तिथे राखणदार आहे म्हणे. जागा राखतो, चोरचिलटाला वाट चुकवतो, वर्षाला एक नारळ घेतो आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. तेव्हा एक नारळ ठेवून गाऱ्हाणं घालू या, म्हणजे त्याला सांगून परवानगी मागू या. मी हसून सांगितलं, आबा, डब्यापाशी खायची वस्तू ठेवायची नाही हाही नियमच आहे. मुंग्या, उंदीर, कोल्हे येतात.

मग त्यांनी माझा कागद वाचला. डब्यात वरच ठेवायचा कागद, मी छान अक्षरात लिहिलाय: ‘ज्याला कुणाला हा डबा सापडेल त्याचं खेळात स्वागत. वहीत सही करा. आवडेल ते न्या. नेलंत तर तोलाचं ठेवा. डबा होता तसा, कुणाच्या नजरेस पडणार नाही असा दगडांनी नीट झाकून ठेवा.’ आबांनी ‘ज्याला कुणाला’वर बोट ठेवलं. म्हणाले, ‘‘साहेबानू, ह्या बरा नाय. रानात हाक मारूची ती नाव घेवन. मोकळी हाक आमच्यात कोण मारीत नाय.’’

म्हातारा गोड आहे. कागद तोच ठेवला.

रविवार, १२ नोव्हेंबर

तिघांनी मिळून डबा ठेवला. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत वही, पेन्सिल, शिट्टी, काचेच्या गोट्या आणि तन्वीची गुलाबी केसांची क्लिप. क्लिप द्यायला ती रडली, मग स्वतःच ठेवली. पुढे दगड रचताना तिला दाखवलं, मोठा खाली, चपटा वर, फटीत बारीक खडी. वहीत पहिली सही माझी, खेळातल्या नावाने: वाटाड्या.

रविवार, १९ नोव्हेंबर

सापडला कुणाला तरी! आठवड्याच्या आत! शिट्टी गेली आणि तिच्या जागी एक शंख. शिट्टीएवढाच, आणि फुंकला तर वाजतो. याला म्हणतात तोलाचं! तन्वीने तो घेतला, बदल्यात आपली रंगीत पेन्सिल ठेवली. सही मात्र नाही, ओल्या बोटांचे चार ओरखडे आहेत. लिहिता न येणारं कुणीतरी असेल, गुराखी वगैरे. पण दगड काय रचले होते! माझ्यापेक्षा सुबक.

गडग्यावर एक नारळ होता. आबांचंच काम. नियमात बसत नाही, शिवाय येणाऱ्याजाणाऱ्याचं लक्ष जातं, म्हणून उचलून आणला. दिव्याने त्याची सोलकढी केली, झकास झाली होती.

एक गंमत म्हणजे डबा जरा आत सरकलाय. कोपरापर्यंत हात घालावा लागला.

रविवार, २६ नोव्हेंबर

गोट्या गेल्या, तेवढेच गुळगुळीत पांढरे खडे आले. क्लिप गेली आणि लाकडाची फणी आली. जुनी, बारीक दातांची, नक्षी केलेली. तन्वीने हट्टच धरला, माझ्या क्लिपच्या बदल्यात आली म्हणजे ती माझीच! बरोबरच होतं. बदल्यात तिने आपली रिबीन ठेवली.

वहीत या वेळी ओरखडे नव्हते. ‘वाटाड्या’ लिहिलं होतं. वाकडंतिकडं, पोरं पाटीवर गिरवतात तसं. आता कुणीतरी माझी टर उडवतंय हे उघड आहे. साइटवर मात्र कुणाचीच नोंद नाही.

डबा खांद्याएवढ्या खोलीवर गेलाय. कातळाला गाल टेकवून हात घातला तेव्हा लागला.

मंगळवार, २८ नोव्हेंबर

आमच्याकडे मासे घेऊन मथुरा येते. तोंडाने फटकळ, पण सुरमई देताना एक तुकडा जास्तच टाकते. आज तन्वी पडवीत केस विंचरत बसली होती. मथुराने फणी बघितली आणि टोपली उचलून थेट बेड्यापर्यंत, कुंपणाच्या फाटकापर्यंत, मागे गेली. तिथूनच दिव्याला म्हणाली, ‘‘वैनी, ती फणी खंय गावली? असली फणी आता कोण करीत नाय. ती परत ठेवन येवा गो.’’ पैसे न घेताच निघून गेली.

दिव्या म्हणते, ठेवून ये. मी म्हटलं, अदलाबदल झाली, रीतसर झाली, परत कसली?

रविवार, ३ डिसेंबर

डब्यात चांदीचा वाळा. लहान बाळाच्या पायातला, झिजलेला, आत घुंगुर. रिबिनीच्या बदल्यात वाळा! हे काही तोलाचं नाही, फारच जास्त आहे. म्हटलं, घरी नेऊन आबांना दाखवू, कुणाचा असेल त्याला देऊ. तिथे ठेवायला खिशात होतं कंपनीचं बॉलपेन. तेच ठेवलं. वाटाड्या नियम मोडतोय, बघायला कोण आहे? मी स्वतःशीच हसलो.

दगड रचत होतो तेव्हा आतून शिट्टी वाजली. अगदी हळू. वारा असेल.

मंगळवार, ५ डिसेंबर

वाळा तन्वीच्या पायात आहे.

आबा गावाला गेलेत म्हणून तो कपाटात ठेवला होता. दुपारी शाळेतून आली आणि तिने घातला. बाळाचा वाळा, माझी दोन बोटंही त्यात जात नव्हती. तिच्या पायात अगदी बेताचा बसलाय. निघत नाही. साबण लावला, तेल लावलं. सोनाराकडे नेलं तर त्याच्या करवतीचं पातं तुटलं आणि त्याने आम्हाला हात जोडून बाहेर काढलं.

तन्वी रडत नाही. फक्त चालताना दर थोड्या वेळाने थांबते, कातळाच्या बाजूला मान वळवते.

गुरुवार, ७ डिसेंबर

आबा आले. सगळं सांगितलं. नारळाचं सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. सोलकढीचं सांगायला मला लाज वाटली, पण सांगितलं.

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, इतकी वर्षं तो नारळ घेऊन गप्प होता, त्याला कुणी कधी काही मागितलं नाही की दिलं नाही. ‘‘तुमी त्येका खेळाक बोलवलात. तो इलो. तुमचो कायदो शिकलो. तो शब्दाचो पक्को आसा.’’ मी विचारलं, आता काय करायचं? तर म्हणाले, ‘‘पोराचा न्हेलात. पोराच्या तोलाचा व्हया.’’

घरी आलो आणि तन्वीला जवळ घेतलं. तिचा पाय बर्फासारखा गार.

शुक्रवार, ८ डिसेंबर

आबांनी गाऱ्हाणं घातलं. नारळ फोडला, आतून कोरडा निघाला.

दिव्याने लग्नातली पाटली काढून दिली. डब्यात ठेवायला डोकं आणि खांदे आत घालावे लागले. कपारीचं तोंड एवढं मोठं कधी झालं? आत ओल्या मातीचा वास येतो. आणि कुणीतरी श्वास धरून गप्प बसल्यासारखं वाटतं, लपंडावात बसतात तसं.

संध्याकाळी पाटली आमच्या उंबऱ्यावर होती. शेजारी माझं बॉलपेन.

शनिवार, ९ डिसेंबर

शिट्टी. आता घरात ऐकू येते. तन्वी शंख फुंकून तिला उत्तर देते. शंख विहिरीत टाकला. तासाभराने तिच्या हातात होता, ओला.

दिव्या एवढंच म्हणाली, तिला काही झालं तर तुझं तोंड बघणार नाही. बरोबर आहे तिचं. सगळं माझं आहे. माझा शहाणपणा, माझे नियम.

उद्या सकाळच्या एसटीने पुण्याला. परत यायचं नाही.

रविवार, १० डिसेंबर

नाही. तन्वी नाही. बॅगा पडवीत आणल्या, तेवढ्यात— पाठ वळवली फक्त. दिव्या विहिरीकडे धावली, आबा बागेत हाका मारतायत, नाव घेऊन, पुन्हा पुन्हा. मला माहीत आहे कुठे. मी चाललोय. आबांना सांगितलं, दिव्याला घेऊन गडग्यापाशी या, पण आत कुणी—

तोच दिवस. डब्यातल्या वहीत लिहितोय

रोजनिशी घरी राहिली. डबा सापडला. सापडला की लिहायचं, नियमच आहे.

पूर्ण आत आहे. पोटावर सरपटत. जीपीएसला आत काहीच मिळत नाही, पण पडद्याचा उजेड आहे. डब्यात तन्वीची रिबीन होती, क्लिप होती. तिचं सगळं जिथल्या तिथे. डब्यामागे ती. बसलेली, गुडघे पोटाशी, डोळे उघडे. मी हात लावला तर मोठ्यांदा ‘बाबा’ म्हणाली. देवा रे. मी रडलो.

ओढली, पण येत नव्हती. वाळ्याने धरली होती. मग समजलं. न्यायचं तर तोलाचं ठेवायचं. तन्वीच्या तोलाचं माझ्याकडे दुसरं काय आहे?

म्हणालो, मोठ्याने म्हणालो, मी राहतो.

वाळा तिच्या पायातून आपोआप निघाला. आता माझ्या मनगटात आहे. घट्ट.

कसाबसा उलटा वळलो, तोंड उजेडाकडे, आणि तिला पुढे ढकलली. उजेडाकडे गेली. मागे वळून बघू नको म्हटलं तर शहाण्यासारखं ऐकलं. बाहेर दिव्याचा आवाज. रडतेय, हसतेय. आबा काहीतरी म्हणतायत. तन्वी बाहेर आहे. तन्वी बाहेर आहे.

मला भीती वाटतेय. फार

दिव्या माझं नाव घेऊन हाक मारतेय. ओ देतोय मी. तिला ऐकू जात नाही. ती तोंडाशीच तर उभी आहे. सरळ माझ्याकडे बघतेय आणि म्हणतेय, इथे तर नुसते दगड

दगड. आतून रचतोय कुणीतरी, माझ्या पायाशी नाही, डोक्यापाशी, माझ्या आणि उजेडाच्या मधे. मोठा खाली. चपटा वर.

सही केली. माझ्या सहीखाली लगेच दुसरी, तेच अक्षर, आता अगदी माझ्यासारखं

फटी बुजवतोय. बारीक खडी. मीच शिकवलं होतं, होता तसा, कुणाच्या नजरेस